सुई आणि घास

इन्सुलिनच्या पेनची सुई पोटापासून बोटभर अंतरावर आली आणि आईचा हात तिथेच थांबला. आकडा फिरवून दहावर आणला होता. त्याआधी दोन युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाशी थेंब येतोय हेही आम्ही दोघींनी डोळ्यांनी बघितलं होतं. राहिलं होतं ते एवढंच.

"बावीस वर्षं तुला टोचून घेताना बघतेय," आई म्हणाली, "आणि आज माझाच हात पुढे जाईना."

मी तिच्या मनगटाखाली नुसता हात धरला, ढकलला नाही. सुई चार मिलिमीटरची. आत गेली तरी तिला कळलं नाही.

"गेली?"

"गेली. आता बटण पूर्ण दाब आणि दहापर्यंत मोज. लगेच काढलीस तर औषध बाहेर येतं."

ती शाळेतल्या मुलीसारखी मोठ्याने मोजत राहिली, दहा झाल्यावरही थांबली नाही, बारापर्यंत गेली. मग सुई काढली आणि त्या जागेवरून बोट फिरवून पाहिलं. खूण कसलीच नव्हती. मला वाटलं आता तिला सुटल्यासारखं होईल. पण पेनाचं टोपण लावता लावता ती म्हणाली, "म्हणजे माझं पथ्य कमी पडलं."

गेले कितीतरी दिवस हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. १४ वर्षं न चुकता गोळ्या घेणारी, गोड पहिल्याच दिवशी सोडलेली माझी ६७ वर्षांची आई इन्सुलिन सुरू होण्याला शिक्षा समजते. आणि ती एकटी नाही. मधुमेहाकडे आपण सगळेच पथ्याच्या हिशेबाने बघतो: पाळलं तर बरं, मोडलं तर भोग. मीही अनेक वर्षं तसंच बघत होते, आणि त्यापायी आम्ही दोघींनी एकमेकींना बराच त्रास दिला आहे.

मला मधुमेह निघाला तेव्हा मी १९ वर्षांची होते. महिनाभरात कपडे अंगावर लोंबायला लागले होते. रात्री पाच-सहा वेळा उठायचे आणि प्रत्येक वेळी पुन्हा पाणी प्यायचे. हा टाइप वन. यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर उलटते आणि इन्सुलिन बनवणारी यंत्रणा नष्ट करते. गोड खाल्ल्याने हा होत नाही. हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी आई महिनोन्‌महिने विचारत राहिली, "लहानपणी तुला फार गोड दिलं का गं आम्ही?"

दवाखान्यातून निघताना आमच्या हातात एक छापील कागद आला. त्यावर दोन रकाने होते, 'खावे' आणि 'खाऊ नये'. दुसरा रकाना लांबलचक. खाली इन्सुलिनबद्दल एकच ओळ: सकाळी इतकं, संध्याकाळी इतकं, जेवणाआधी अर्धा तास. अर्धा तास कशासाठी, हे कोणी सांगितलं नाही. साखर कमीही होऊ शकते, तेव्हा काय करायचं, हे कोणी सांगितलं असेल तर ते आमच्या कानापर्यंत पोचलं नाही. आईने तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, जिथे स्टुलाशिवाय कोणाचाच हात पोचत नव्हता.

नंतर तीन-चार आठवड्यांनी, एका संध्याकाळी साडेसातला मी इन्सुलिन घेतलं. तेवढ्यात घरी कोणीतरी आलं. बोलणं लांबलं, ताटं वाढायला सव्वानऊ झाले. त्याआधीच ओठ बधिर व्हायला लागले होते. मानेवर घाम आला, तोही गार. समोरच्या वर्तमानपत्रातली अक्षरं दिसत होती पण त्यांचे शब्द होत नव्हते, आणि कसलंही कारण नसताना मला सगळ्यांचा भयंकर राग येत होता. बाबांनी बोटाला सुई टोचली. मीटरवर ४८.

"साखर दे," मी म्हणाले.

आई स्टुलावर चढली. डबा काढला, झाकण उघडलं, चमचा आत घातला, आणि थांबली. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "साखर? तुला?"

काही सेकंदांचीच गोष्ट असेल. पण तो अर्धवट भरलेला चमचा, त्याच्या पाठीला चिकटलेले दाणे आणि तिचा चेहरा मला आजही जसाच्या तसा दिसतो. बाबा ओरडले तेव्हा कुठे तिने पाण्यात तीन चमचे साखर ढवळली आणि पेला माझ्या तोंडाला लावला. पंधरा मिनिटांनी मीटर ८२ दाखवत होता. आई मात्र तास उलटला तरी स्वयंपाकघरात उभीच होती. "विष म्हणून सांगितलेली वस्तू मी तुला माझ्या हाताने पाजली," असं ती म्हणाली. प्यायला उशीर झाला असता तर काय, याची भीती तिला नंतर कधीतरी वाटली. त्या क्षणी भीती साखरेची होती.

त्या दिवशी मी पथ्य मोडलं नव्हतं. मी काही खाल्लंच नव्हतं, तीच तर अडचण होती. माझं इन्सुलिन तेव्हा मिश्र होतं, ३० टक्के लवकर लागू पडणारं आणि ७० टक्के संथ. लवकर लागू पडणारं म्हणजेसुद्धा अर्ध्या तासाने सुरू होणारं आणि दोन ते चार तासांनी जोरात येणारं. कागदावरचा अर्धा तास होता तो यासाठी, की घास आणि इन्सुलिन एकाच सुमाराला रक्तात पोचावेत. इन्सुलिन वेळेवर पोचलं. घास वाटेत अडकला.

हे नीट समजायला मला बरीच वर्षं लागली. ज्या एका हिशेबाने ते डोक्यात बसलं तो असा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. साखर १०० म्हणजे दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम. गुणाकार केला की येतात पाच ग्रॅम. म्हणजे सबंध शरीरातल्या रक्तात मिळून, एका वेळी, एक छोटा चमचा साखर. एवढीच. आणि एका साध्या जेवणातून पन्नास-साठ ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जातात, ज्यांची शेवटी साखरच होते. दहा-बारा चमचे आत येणार आणि रक्तात मात्र चमचा-दीड चमच्याच्या वर राहता कामा नये. ज्यांचं स्वादुपिंड ठीक आहे त्यांच्या शरीरात हे दिवसातून तीन-चारदा, त्यांच्या नकळत, होत असतं. हे कळल्यापासून मला आपल्या नेहमीच्या शरीराबद्दल फार आदर वाटतो.

ते जमतं कसं, तर वेळेच्या जोरावर. खायला सुरुवात झाली की काही मिनिटांत स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, तेही थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत. आणि रक्तात आलेलं इन्सुलिन पाच-एक मिनिटांत निम्मं होऊन जातं. गरज संपली की सोडणं थांबतं आणि असलेलं विरतं. आमचं इन्सुलिन कातडीखालच्या चरबीत पडतं आणि तिथून पाझरत पाझरत निघतं. सगळ्यात चपळ म्हणवणारंही सुरू व्हायला पंधरा मिनिटं घेतं, तास-दोन तासांनी भरात येतं आणि तीन ते पाच तास उरतं. मध्येच मत बदललं, जेवण अर्धवट टाकलं, तरी टोचलेलं परत बोलावता येत नाही. तेव्हा पोटातल्या घासाची चाल आणि पोटावरच्या सुईची चाल, या दोन चालींची गाठ घालून देणं हे आमचं रोजचं काम.

या कामाला 'पथ्य' हा शब्द अपुरा पडतो असं मला फार दिवस वाटायचं. मग एकदा त्याचं मूळ पाहिलं. पथ्य आलंय पथावरून, वाटेवरून. वाटेला धरून असलेलं, मानवणारं, हिताचं, ते पथ्य. म्हणजे मुळात हा शब्द 'काय खावं' याबद्दलचा आहे. वापरता वापरता आपण त्याला 'काय खाऊ नये' इथे आणून ठेवलं. नुसत्या मनाईचं पथ्य काय करू शकतं आणि कुठे संपतं, हे मधुमेहाच्या इतिहासात स्पष्ट दिसतं.

इन्सुलिन मिळण्याआधी टाइप वनच्या मुलांसाठी उपाय होता तो उपासमारीचा. अमेरिकेतले डॉक्टर फ्रेडरिक ॲलन हे त्या पद्धतीचं मोठं नाव. रोजचं खाणं इतकं कमी करायचं की लघवीतून साखर जाणं थांबावं. पुष्कळदा दिवसाला हजार कॅलरींच्याही आत. मूल हाडांचा सापळा व्हायचं, पण काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं जास्त जगायचं. त्या डॉक्टरांना मी क्रूर म्हणणार नाही. त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूजेस हिला अकराव्या वर्षी मधुमेह झाला आणि तिने हे पथ्य तीन वर्षांवर पाळलं. ऑगस्ट १९२२ मध्ये तिला टोरंटोला नेलं तेव्हा ती पंधराव्या वाढदिवसाला टेकली होती आणि तिचं वजन होतं वीस-एक किलो. पाच-सहा वर्षांच्या पोराचं असतं तितकं. त्या मुलीचं पथ्य कुठेच कमी पडलेलं नव्हतं.

टोरंटोला नेलं, कारण तिथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये स्वादुपिंडाच्या अर्कातून कुत्र्यांची साखर उतरवून दाखवली होती. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला त्या अर्काचं, म्हणजे इन्सुलिनचं, पहिलं इंजेक्शन दिलं. अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, उपयोग जेमतेम झाला आणि टोचलेल्या जागी गळू झालं. जेम्स कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध करून दिला आणि २३ तारखेला पुन्हा दिलं, तेव्हा साखर खरोखर उतरली. १९२३ चं नोबेल बँटिंग आणि प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लाउड यांना मिळालं. बँटिंगनी आपला वाटा बेस्टबरोबर, मॅक्लाउडनी कॉलिपबरोबर वाटून घेतला. इन्सुलिनचं पेटंट टोरंटो विद्यापीठाला दिलं ते एकेका डॉलरला. एलिझाबेथ लग्न करून, मुलं वाढवून, ७३ वर्षं जगली आणि १९८१ मध्ये गेली. सुई मिळाली आणि तिला पोटभर जेवता आलं. आईने पहिली सुई घेतली त्या रात्रीच मी तिला हे सांगायला हवं होतं. सुचलं नाही.

इन्सुलिन घेणाऱ्याने खाण्याकडे लक्ष द्यायचं नाही असा याचा अर्थ मी मुळीच काढत नाही. उलट मी जेवढं बारकाईने ताटाकडे बघते तेवढं क्वचित कोणी बघत असेल. फक्त बघण्याचा प्रश्न बदलला. 'हे चालेल का' असं मी विचारत नाही. 'यात पिष्टमय किती आणि ते किती वेगाने येणार' असं विचारते. पहिली दोन वर्षं स्वयंपाकघरातला छोटा काटा माझ्या ताटाशेजारी असायचा. ब्रेडचा एक तुकडा म्हणजे साधारण १५ ग्रॅम पिष्टमय. एक लहानसं फळ, तेही तेवढंच. पेलाभर दूध म्हणजे बारा. हळूहळू नजर तयार झाली, आता वजन न करता अंदाज दोन-चार ग्रॅमच्या आत येतो. मला सकाळी दर आठ ग्रॅमला एक युनिट लागतं, संध्याकाळी बाराला एक. हे माझे आकडे, दुसऱ्या कोणाचे हे असणार नाहीत, आणि माझेही दर काही महिन्यांनी हलतात.

वेगाची गंमत आणखी वेगळी. फळाचा रस आणि तेच फळ चावून खाल्लेलं, साखर जवळपास सारखीच, पण रस धावत येतो आणि फळ चालत. तळणीचं, तेलातुपाचं जेवण तर फसवंच. दोन तासांनी मोजावं तर १४०, आपण खूश होऊन झोपतो. स्निग्ध पदार्थांमुळे पोट उशिरा रिकामं होतं, इन्सुलिन ओसरतं आणि साखर मध्यरात्रीनंतर चढायला लागते. सकाळी २६०. याउलट ताटातली भाजी आणि प्रथिनं आधी खाऊन पिष्टमय पदार्थ शेवटी घेतले तर तीच साखर सावकाश येते. एवढ्याशा बदलाने माझी जेवणानंतरची उसळी चांगलीच खाली आली. जेवण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं चाललं तर स्नायू त्यांच्या वाट्याची साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता उचलतात.

इतकं करूनही आकडे चुकतात, आणि इथेच आईशी माझे खटके उडायचे. मीटरवर मोठा आकडा दिसला की तिचा प्रश्न ठरलेला: "काय खाल्लंस?" काळजीपोटीच विचारायची. मला मात्र तो चोरी पकडल्यासारखा लागायचा. मग मी काय केलं? मोठे आकडे वहीत लिहायचेच नाहीत असं सुरू केलं. कधी १८० ला १३० लिहायचे. जवळजवळ तीन वर्षं माझे डॉक्टर खोट्या वहीवर माझे डोस ठरवत होते. एचबीएवनसी आणि वही यांचा मेळ बसेना, कारण ती तपासणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते, पेशी साधारण १२० दिवस जगतात, आणि तिथे तीन महिन्यांची सरासरी जमा होत असते. शेवटी मी खरं सांगितलं. अंगावरचं ओझं उतरलं.

'काय खाल्लंस' याचं उत्तर कितीदा तरी 'काहीच नाही' असं असतं. पहाटे तीन-चारनंतर शरीर जागं होण्याच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात, यकृत साठवलेली साखर सोडतं. रात्री ११० घेऊन झोपलेलं माणूस सकाळी काही न खाता १९० घेऊन उठतं. तापात तर पाण्यावर राहिलं तरी साखर चढते. आणि म्हणूनच 'आज जेवलीच नाहीस तर इन्सुलिन कशाला' हा आजारपणात घरोघरी दिला जाणारा सल्ला टाइप वनच्या माणसाला थेट अतिदक्षता विभागात पोचवू शकतो. इन्सुलिन अजिबातच नसेल तर शरीर चरबी जाळत सुटतं, रक्तात आम्लं साठतात. जेवणाचा डोस कमी करता येतो, दिवसभर पाया म्हणून लागणारं संथ इन्सुलिन बंद करता येत नाही. हे मी ज्याला त्याला सांगत असते.

एकदा मीटरने ३४० दाखवले. मी गार पडले. इतकं इन्सुलिन घ्यायचं म्हणून पेन उघडलं आणि बोटांना संत्र्याचा वास आला. पाचच मिनिटांपूर्वी भाचीला संत्रं सोलून दिलं होतं, स्वतः एक फोडही खाल्ली नव्हती. साबणाने हात धुतले, पुसून कोरडे केले, पुन्हा मोजलं. ११२. त्या ३४० वर विश्वास ठेवून टोचलं असतं तर काय झालं असतं, हे आठवून अजूनही पोटात गोळा येतो.

दुसऱ्या एका वर्षी साखर नुसती मनमानी करत होती. तेवढंच इन्सुलिन, तेच जेवण, आज ९० तर उद्या २५०. सहा महिने मी ताटात दोष शोधला. मग एका नर्सताईंनी माझ्या मांडीवरून बोटं फिरवली आणि एका जागी थांबल्या. उजव्या मांडीवर लिंबाएवढी मऊ गाठ होती. तिथे टोचलं की दुखत नाही, म्हणून मी वर्षानुवर्षं तिथेच टोचत आले होते. त्या गाठीतून इन्सुलिन कधी झिरपतं, कधी अडून बसतं. "दर वेळी निदान बोटभर सरकायचं, आणि या जागेला आता सुट्टी," त्या म्हणाल्या. जागा बदलली आणि आकडे माणसात आले. डोस मात्र त्यांनी आधीच उतरवायला लावला, कारण चांगल्या जागेवरून सगळंच इन्सुलिन रक्तात जाणार होतं.

बाटली-सिरिंज वापरणाऱ्यांनी आणखी एक बघावं. बाटलीवर ४० लिहिलेलं असेल, म्हणजे मिलिलिटरला ४० युनिट, तर सिरिंजही ४० चीच हवी. १०० ची बाटली ४० च्या सिरिंजने दहाच्या रेघेपर्यंत भरली तर दहाऐवजी पंचवीस युनिट आत जातात.

इतकी मोजामाप करायची कशासाठी, असं थकल्यावर वाटतं. त्याचं उत्तर १९९३ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. टाइप वनच्या १,४४१ जणांना सरासरी साडेसहा वर्षं पाहिलं. निम्म्यांची साखर काटेकोर सांभाळली, निम्म्यांची तेव्हाच्या रीतीप्रमाणे. ज्यांचे डोळे सुरुवातीला ठीक होते, त्यांच्यात पडद्याचा विकार होण्याचा धोका काटेकोर गटात ७६ टक्क्यांनी कमी निघाला. मूत्रपिंडं आणि नसाही पुष्कळ वाचल्या. पण त्याच गटात साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग साधारण तिप्पट होते. मला या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगाव्याशा वाटतात. आकडा खाली आणायचा आहे, पण ज्याचा त्याने, झेपेल तेवढा. वय झालेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसाला डॉक्टर थोडी जास्त साखर चालवून घेतात तेव्हा ती हयगय नसते.

आईचा आहे टाइप टू. तिच्या शरीरात इन्सुलिन बनत होतं, पण पेशी त्याला दाद देत नव्हत्या. म्हणून स्वादुपिंड जास्त बनवत राहिलं, आणि वर्षं जातील तसं थकत गेलं. गोळ्यांनी त्याला हात दिला. चालण्याने, बेताच्या खाण्याने आणखी काही वर्षं मिळाली. आता ते पुरं पडत नाही, म्हणून वरून भर घालायची. चष्म्याचा नंबर वाढला तर आपण वाचायचं पथ्य चुकलं म्हणत नाही. हे मी तिला पहिल्या सुईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मला कळलं की तिला ते पटलेलं नाही.

डॉक्टरांनी दहा युनिटपासून सुरुवात करून, उपाशीपोटीची साखर १३० च्या आत येईपर्यंत दर तीन दिवसांनी दोन युनिट वाढवायला सांगितली होती. दर वाढीला तिचं तोंड उतरायचं. "अजून दोन?" बारा, चौदा, सोळा. मी तिला एक वही आणून दिली आणि चार रकाने आखले. वेळ, आकडा, युनिट, आणि चौथ्याला मी नाव दिलं 'काय झालं'. तिने सवयीने आधी तिथे 'काय खाल्लं' असंच लिहायला घेतलं होतं.

"खाल्लेलं लिहू नको का?"

"लिही ना. पण झोप लागली नसेल तर तेही लिही. गुडघा दुखला, चालणं झालं नाही, सर्दी झाली, कोणाशी वाद झाला, जेवायला उशीर झाला. आकडा कशाकशाने हलतो ते आपल्याला बघायचंय."

पहिले काही दिवस चौथा रकाना रिकामा होता. मग एक-दोन शब्द यायला लागले. 'झोप नाही.' 'पाय चालले नाहीत.' एका दिवशी २११ समोर नुसतं 'ताईची आठवण', म्हणजे माझ्या मावशीची, जी गेल्या वर्षी गेली. आकडे खाली येत गेले, १९४, १७०, १५२, १३८, आणि बावीस युनिटवर ते १२० च्या आसपास स्थिरावले. मला रोज वही दाखवायची ती हळूहळू बंद झाली. मीच सकाळी ती उठायच्या आधी उघडून बघते. हे तिला माहीत आहे.

मध्यंतरी एकदा मी जेवायच्या आधी पेन लावलं आणि फोनवर बोलत बसले. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "किती वाजता घेतलंस?" मी घड्याळ बघितलं. सतरा मिनिटं झाली होती. मी फोन ठेवला आणि पानावर बसले.

साखरेचा डबा आता वरच्या फळीवर नसतो. एक माझ्या उशाशी, एक आईच्या. तिच्या डब्यात चमचा असतो आणि शेजारी झाकण घातलेला पाण्याचा पेला. परवा सकाळी मी वही उघडली. अक्षर थोडं हललेलं होतं, पण रकाने तिने नीट सांभाळले होते:

'पहाटे ३.१०. आकडा ६४. घाम आला, हात कापत होते. रात्री जेवण फार गेलं नव्हतं. साखर तीन चमचे घेतली, घड्याळ लावून बसले. १५ मिनिटांनी ९७. सकाळी डॉक्टरांना फोन करून दोन युनिट कमी करायचे का विचारणे. तुला उठवलं नाही.'